गजूच्या वाफ्यातली मर

गजूच्या तेरवीच्या आदल्या दिवशी काकांनी दादाला कुऱ्हाडीनं मारलं. दादा अंगणात मेला. काका त्याच्याजवळ बसून राहिले. गावातले लोक आले, मग पोलीस आले आणि काकांना घेऊन गेले. माय घरात होती. बाबा वावरात होते. मी दारात उभी होते आणि मी सगळं ऐकलं.

दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, सचिन. काका म्हणजे बाबांचे पाठचे भाऊ, पुंडलिक. गजू हा काकांचा एकुलता एक मुलगा, दादाच्याच वयाचा. दोन भावांची दोन घरं आणि मध्ये एक अंगण. आमचं गाव आसेगावहून मंगरूळपीरला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. पुढं खटला उभा राहिला तेव्हा काकांच्या वकिलाचं म्हणणं असं होतं, की पोटचा मुलगा गेलेल्या बापाला दादानं तोंडावर 'मर' म्हटलं आणि त्या शब्दानं त्या माणसाचं भान गेलं. दादा 'मर' म्हणाला हे खरं होतं. मी तो शब्द ऐकला होता. पण तो शाप नव्हता, झाडांच्या रोगाचं नाव होतं. लेक गेला ते मायनं कसंबसं सोसलं. आपल्या लेकानं सुतकातल्या माणसाला मरणाचा शाप दिला असं गावात बोललं जाणं मात्र तिला सोसवेना. "तुनं आयकलं ना? मंग तू सांग त्याहिले," ती मला सारखी म्हणायची. मी तेव्हा बारावीला होते. पुढं मराठी घेऊन शिकले, पुस्तकांत राहिले, मुलींना व्याकरण शिकवलं. या एका शब्दाचा मी जेवढा विचार केला तेवढा दुसऱ्या कशाचाही केलेला नाही.

आमच्या घरात मारणं हा बोलण्याचाच भाग होता. बैल हाकायची तुतारी, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी, बाबांच्या हातात असायची, आणि ती बैलावरून माणसावर कधी येईल याचा नेम नसायचा. सकाळी आधी काकीच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, मग आमच्या, आणि त्या दोन आवाजांच्या मधून कुणाला तरी बसलेल्या चपराकीचा. माझ्या मायनं मार खाताना कधी आवाज काढला नाही. ती फक्त तव्यावरची भाकर करपू नये म्हणून एक हात तिकडे ठेवायची. चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, सणावाराला गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, असं आमचं खाणं. ताटावर बसलेल्याला मारायचं नाही हा बाबांचा एक नियम होता, त्यामुळे दादा जेवायला फार वेळ लावायचा. काकाही हात चालवायचे, गजूला तर रोजच, पण दादाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. उलट बाबांची तुतारी त्यांनीच दोनदा हिसकून मोडली होती. "माह्या पुतण्याले जनावरासारखं मारशीन त मी तुले मारीन, भाऊ," असं ते मोठ्या भावाला अंगणात उभं राहून म्हणाले होते. दादाला विहिरीत पोहायला त्यांनीच शिकवलं. कमरेला दोर बांधून ढकललं, आणि तो वर आला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. मी हे मुद्दाम लिहिते आहे. खटल्याच्या कागदांत हे कुठं आलं नाही.

दादानं शेतीची पदविका केली होती. कॉलेजच्या सहलीत महाबळेश्वरकडे त्यानं स्ट्रॉबेरीचे वाफे पाहिले आणि तेव्हापासून ते खूळ त्याच्या डोक्यातून गेलं नाही. आपल्याकडेही थंडीचे अडीच-तीन महिने असतात, तेवढ्यात पीक निघतं, असं तो सांगायचा. बाबांना सांगून उपयोग नव्हता म्हणून त्यानं आधी गजूला पटवलं, आणि गजूनं काकांना. विहिरीजवळचा हरभऱ्याचा तुकडा दोघांनी मोडला. अर्धा आमच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे, अर्धा काकांच्या. मातीचे उंच गादीवाफे केले, त्यावर चंदेरी कागद अंथरला, कागदाला भोकं पाडली, खालून ठिबकच्या नळ्या. बाबांना ते वाफे भाजीचे वाटत होते; ओल्या पोत्यांत गुंडाळलेली रोपं ट्रकनं आली त्या दिवशी त्यांना खरं कळलं. त्यांनी दादाला धुऱ्यावर पाडून तुतारीनं इतकं मारलं, की त्याच्या पाठीवर खिळ्याच्या खुणा राहिल्या. गजू मध्ये पडला, त्यालाही बसली. मार खाऊन झाल्यावर दोघांनी तोंडं धुतली आणि सूर्य मावळायच्या आत सगळी रोपं लावली, कारण पोत्यात ठेवली असती तर सकाळपर्यंत ती वाफेनं मेली असती. दादा उकिडवा बसू शकत नव्हता, म्हणून गुडघ्यांवर रांगत लावत होता. गजू त्याला म्हणाला, "चांगलं झालं तुह्या बाबानं पाठीवर मारलं. खाली मारलं असतं त बेरी लावाले बसला कसा असता तू?"

फळ धरलं तेव्हा गावातले लोक बघायला यायचे. कुणी म्हणायचं टमाट्याची जात आहे, कुणी म्हणायचं जंगली बोर आहे. मायनं कच्ची फळं आणून त्यांचा हिरवी मिरची घालून ठेचा केला. "आंबट हाये त ठेच्याले बरं," ती म्हणाली, आणि बाबांनी तो दोन भाकरींशी खाल्ला. या पिकाविषयी त्यांनी काढलेला पहिला बरा शब्द म्हणजे "अजून हाये का?" पहिली तोडणी दादा आणि गजू मोटरसायकलवर मंगरूळपीरला घेऊन गेले. दर्ग्याकडच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या बागवान चाचांची फळांची गाडी होती. चाचांनी एक फळ उचलून उन्हात धरलं आणि म्हणाले, "क्या रे सचिन, ये टमाटर का बच्चा पैदा होने के पहलेच तोड लाया क्या?" मग खाल्लं. मग आणखी एक खाल्लं. "मीठा है. पर नाजूक है बावा, नई दुल्हन जैसा. एक दबा तो बाजूवाले को भी ले के जायेगा." हे चाचा गमतीनं बोलले होते. दादा मात्र घरी येऊन म्हणाला, की पदविकेच्या दोन वर्षांत, फळाला फळ लागून पसरणारी राखाडी बुरशी कुणी इतकी नीट समजावून सांगितली नव्हती.

त्या तुकड्यात दादाचं वागणं बाबांपेक्षा निराळं होतं असं मला तेव्हा वाटायचं. आता तसं वाटत नाही. तोही दिवसभर मारतच असायचा, फक्त मारायच्या गोष्टी लहान होत्या. आपल्या भाषेत झाडाला बरं करायचं तर औषध 'मारावं' लागतं, फवारा 'मारावा' लागतो. सकाळी दव असताना तो कात्री आणि पिशवी घेऊन निघायचा. ठिपका पडलेलं पान कापायचं, राखेसारखी बुरशी आलेलं फळ देठासकट तोडायचं, पिशवीचं तोंड बांधायचं, वाफ्यांपासून लांब नेऊन जाळायचं. गजू कंटाळून सडलं फळ धुऱ्यावर भिरकवायचा, आणि मग दादाच्या तोंडून बाबांचाच आवाज निघायचा. एका पहाटे रानडुकरं शिरली. एक मादी ठिबकच्या नळ्यांत पाय अडकून पडली होती. बाबा आणि काका दोघांनी काठ्यांनी तिला मारायला सुरुवात केली आणि ती ओरडायची थांबली तरी ते थांबले नाहीत. दोघांच्या अंगात एकच लय होती. एकाची काठी वर जायची तेव्हा दुसऱ्याची खाली यायची. दादा बाजूला जाऊन ओकला. गजू हसत म्हणाला, "आमचा डाक्टर झाडायचा हाये, डुकराचा नाई." त्या दिवशी दोन्ही घरांत चूल लवकर पेटली आणि सगळ्यांनी एकत्र बसून खाल्लं. दादानं खाल्लं नाही. काकांनी त्याच्यासाठी वेगळं दूध आणवलं.

गजू गेला तो तोडणीच्या दिवशी. उजाडायच्या आधी दोघांनी फळं तोडली, डब्यांत भरली. गजूनं आपल्या वाफ्यांचा व्हॉल्व उघडला, मोटर ऑटोवर टाकली आणि "येतो तेव्हा बंद करतो" असं म्हणून मोटरसायकलच्या मागं खोके बांधून एकटाच निघाला, कारण दादाला माझ्या परीक्षेच्या फॉर्मसाठी कॉलेजात यायचं होतं. आमच्याकडे शेताची लाइन, म्हणजे वीज, येते-जाते. ऑटोवर ठेवलेली मोटर लाइन आली की आपोआप सुरू होते आणि लाइन गेली की बंद पडते. माणूस लागत नाही. मंगरूळपीरच्या अलीकडे वळणावर एका ट्रकनं त्याला मागून उडवलं आणि ट्रक थांबला नाही. चाचा वाट पाहून पाहून जीप करून आले तेव्हा त्यांना गर्दी दिसली. त्यांनीच गजूला त्याच जीपमध्ये घालून घरी आणलं. काकांनी विचारलं, "माल कोठी गेला?" ते भानावर नव्हते, म्हणूनच विचारलं. चाचा रडत म्हणाले, "भाऊ, लोगों ने उठा लिया." गजू रस्त्यावर पडलेला असताना बघायला जमलेल्या लोकांनी न फुटलेले डबे उचलून नेले होते. काकांनी ते ऐकलं आणि अंगणातल्या दगडावर डोकं आपटायला लागले. बाबांनी त्यांना कवेत धरलं. बाबांचं नाक फुटलं तरी त्यांनी सोडलं नाही.

सुतक दोन्ही घरांना होतं. आमच्या भावकीत सुतक असताना दहावा होईपर्यंत पुरुष वावरात जात नाहीत, आणि तेरवीपर्यंत कुणी हिरवं उपटत नाही. मेथीची जुडीसुद्धा विकत आणली तर दुसऱ्याच्या हातची. हे असं का, ते कुणी सांगू शकत नव्हतं. माय म्हणायची, गेलेला अजून वाटंवर असतो, त्याच्या पाठीमागं आणखी कुणाला ओढू नये. दादा ओसरीवर बसून राहायचा. वावर तिथून दिसत नव्हतं. लाइन आली की विहिरीवरच्या मोटरचा आवाज मात्र गावापर्यंत ऐकू यायचा. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्याचा अर्थ कुणाच्याच डोक्यात आला नाही, दादाच्यासुद्धा. घरात एवढी बाई-माणसं रडत होती, त्या आवाजात मोटरकडे कोण लक्ष देतं?

दहावा झाला आणि दादा वावरात गेला. परत आला तेव्हा त्याच्या चपला हातात होत्या आणि पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखले होते. गजूचा व्हॉल्व उघडाच राहिला होता; त्यानं तो आत्ता बंद केला होता. दहा दिवस लाइन आली की पाणी, लाइन आली की पाणी, सगळं गजूच्या वाफ्यांत. आधी फळं सडली, मग बाहेरची पानं माना टाकायला लागली. दादानं मला हे सगळं बसून सांगितलं, कारण ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. झाडाचा गड्डा असतो ना, पानं जिथून फुटतात तो, तिथं बुरशी शिरते. वरून झाड काही दिवस हिरवं दिसतं. गड्डा उभा चिरला की आत तांबूस झालेलं दिसतं, आणि तसं दिसलं की ते झाड गेलं. औषध मारून ते परत येत नाही. ते उपटायचं, मातीसकट पोत्यात भरायचं, जाळायचं, आणि भोवतालची झाडं वाचवायची. गजूची बाजू वरच्या अंगाला होती, आमची उताराला. गजूच्या वाफ्यांतलं पाणी आमच्या वाफ्यांकडे सरकत होतं. "आता उपटलं त अर्धं वाचते," दादा म्हणाला. "गजूनं लावलेलं समदं जाणार, आमचं त वाचू दे. दोघायपैकी एकाचं तरी दिसू दे काकाले."

त्यानं बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "वावर पुंडलिकचं हाये. त्याले विचार. अन् तेरवीच्या आंधी उपटू नोको."

पण शिकलेल्या माणसाची एक सवय असते. दादाला कॉलेजात शिकवलं होतं, की शेतकऱ्याला रोग सांगू नका, दाखवा. गड्डा चिरून त्याच्या हातात द्या, म्हणजे त्याला पटेल. तेरवीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं गजूच्या वाफ्यातलं एक झाड उपटलं. पानं हिरवीच होती आणि त्याला दोन फळंही होती. ते घेऊन तो अंगणात आला. काका तेरवीच्या स्वयंपाकासाठी लाकडं फोडत होते. बाकीचे लोक फोडू देत नव्हते तरी त्यांनी कुऱ्हाड कुणाला दिली नव्हती. गजू गेल्यापासून त्यांना हाताला काहीतरी लागायचं. मी दारात तांदूळ निवडत उभी होते.

"काका," दादा म्हणाला, "गजूच्या वाफ्यात मर आली."

काकांनी लाकूड उभं केलं आणि फोडलं.

"आयका ना काका. त्याचा व्हॉल्व चालूच राह्यला. लाइन आली का मोटर सुरू व्हाची अन् पानी तठीच जात राह्यलं. आता उपटा लागते."

"उद्या तेरवी हाये."

"तेरवीपर्यंत थांबलं त इकडचंबी जाते."

"इकडचं म्हंजे कोणाचं?"

दादानं हातातल्या झाडाची माती झटकली. मग म्हणाला, "आमचं."

काकांनी दुसरं लाकूड उभं केलं. दादा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. खिशातून चाकू काढून त्यानं झाडाचा गड्डा उभा चिरला आणि दोन्ही फाकी उघडून काकांसमोर धरल्या. "हे पाहा. वरून हिरवं दिसते. मधातून मेलं हाये. वरून पाहून समजत नाई."

काकांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "काय म्हनतेत याले?"

"मर," दादा म्हणाला. "मर, काका."

पहिला घाव खांद्यावर, मानेजवळ बसला. दादा एका हातावर आडवा झाला आणि त्यानं दुसरा हात वर केला, पण मार अडवायला नाही. त्या हातात अजून झाडाची एक फाक होती. दुसरा घाव डोक्यावर. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी काकांनी तो मारला, आणि चौथाही. डुकराच्या वेळी होती तीच लय. मी ओरडले का, हे मला आठवत नाही. माय बाहेर आली आणि दादाच्या अंगावर आडवी पडली, आणि काकांची कुऱ्हाड वरच थांबली. मग त्यांनी ती बाजूला ठेवली, भिंतीला टेकवून, जशी रोज ठेवायचे तशी. आणि खाली बसले. काकी आतून विचारत होती, "काय पडलं? काय पडलं वं?"

बाबा वावरातून धावत आले. चार-पाच जणांनी त्यांना धरलं. एकाच्या हाताचा त्यांनी चावा घेतला, मांस निघालं. काकांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "सोडा त्याले. येऊ द्या." कुणी सोडलं नाही. तेरवीसाठी फोडलेली लाकडं दादाला जाळायला गेली. दुसरी आणायला माणूस नव्हता. दोन दिवसांनी बाबांनी गावातल्याच एकाचा ट्रॅक्टर रोटाव्हेटर लावून मागितला आणि स्वतः चालवत तो त्या तुकड्यात घातला. आमच्या बाजूची झाडं अजून जिवंत होती, फळांनी भरलेली. रोटाव्हेटरच्या पात्यांना कागद गुंडाळला, नळ्या तुटून वर उसळल्या, यंत्र दर थोड्या वेळानं अडकायचं, आणि बाबा उतरून हातानं कागद ओरबाडून काढायचे आणि परत चढायचे. त्यांच्या दोन्ही तळहातांची कातडी गेली. सुतकात हिरवं उपटू नये हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

खटला वाशिमला चालला. मी साक्ष दिली तोपर्यंत मी कॉलेजात होते आणि मला पुष्कळ व्याकरण येत होतं. काकांच्या वकिलांनी सभ्यपणे विचारलं, "तुमचा भाऊ शेवटी काय म्हणाला?" मी म्हटलं, "मर, काका." कोर्टात कुणीतरी हुंकार भरला. मी म्हटलं, की मर हा रोग आहे, हरभऱ्यावर येतो, तुरीवर येतो, स्ट्रॉबेरीवरही येतो; काकांनी विचारलं याला काय म्हणतात, आणि त्यानं नाव सांगितलं. वकील म्हणाले, "म्हणजे तुम्ही असं म्हणता." तेव्हा मी कित्येक दिवस मनात घोळवलेला मुद्दा काढला. मी म्हटलं, "माझा भाऊ काकांना जन्मभर तुम्ही म्हणत आला. त्याला शाप द्यायचा असता तर तो 'मरा' म्हणाला असता. 'मर' हे काकांना उद्देशून असूच शकत नाही." वकील हसले. "ताई, रागात माणूस व्याकरण पाळतो का?" मी म्हटलं, "तो रागात नव्हता." ते म्हणाले, "हेही तुम्हीच म्हणता." माय मागच्या बाकावर बसली होती. तिला माझा मुद्दा समजला नव्हता, पण वकील हसले ते समजलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुनं नीट सांगतलं ना? मंग तो हासला काहून?"

शेवटी न्यायाधीशांनी काकांना विचारलं, की तुम्हाला काही सांगायचं आहे का. वकिलांनी त्यांना आधी पढवलं होतं. बहुतेक 'मला शाप वाटला, मला काही सुचलं नाही' एवढंच म्हणायचं होतं. काका कठड्याला धरून उभे राहिले. तुरुंगात त्यांचे केस पांढरे झाले होते. ते न्यायाधीशांकडे न बघता मायकडे बघून बोलायला लागले.

"वैनी, तुह्या पोरानं मले शाप नाई देल्ला. पोरगी खरं सांगून राह्यली. मले समजलं होतं तो काय म्हनून राह्यला ते. मी जलमभर हरबरा पेरला, मर मले मालूम नाई का?"

वकील उठले. न्यायाधीशांनी त्यांना हातानं बसवलं आणि काकांना विचारलं, "मग तुम्ही त्याला का मारलं?"

काकांनी मान न्यायाधीशांकडे वळवली. मग म्हणाले, "माह्यं पोरगं मेलं साहेब, अन् कोन्याबी मानसानं मले नाई सांगतलं का ते काहून मेलं. ट्रकवाला भेटला नाई. अन् हा पोट्टा झाड फाडून मले दाखवून राह्यला, हे पाहा काका, हे अठून मेलं, असं मेलं, याले असं म्हनतेत. झाडाचं समदं मालूम होतं त्याले. मी म्हटलं, झाडाले एवढं?" त्यांनी कठडा सोडला. "बस. एवढंच. तो चांगला होता. गजूपेक्षा चांगला होता."

वकिलांनी कागद गोळा केले. माझा 'मर' आणि 'मरा' यातला फरक, जो मी तोपर्यंत इतका घासूनपुसून ठेवला होता, तो कुणालाच लागला नाही. काकांना जन्मठेप झाली. परतीच्या एसटीत मायनं खिडकीला डोकं टेकवलं आणि रिसोडकडून आलेली, धान्याची पोती पायाशी घेऊन बसलेली एक बाई तिला विचारत होती, "कोनाकडे गेल्त्या माय?" माय म्हणाली, "दिराकडे."

मी आजही हे वाक्य पुन्हापुन्हा मनात फिरवते: झाडाले एवढं. काकांचं सगळं बोलणं खरं होतं असं मला वाटत नाही. माणूस कोर्टात उभं राहून स्वतःच्या हाताचं कारण शोधतो, तेव्हा जे सापडतं ते बोलतो. डुकराला मारतानाही त्या दोघा भावांना कारण लागलं नव्हतं. आमच्या घरात हात वर जायचा आणि खाली यायचा, त्याच्या मध्ये शब्द असायलाच हवा असं नव्हतं. पण मायपुरतं ते पुरेसं झालं. तिच्या लेकानं कुणाला शाप दिला नव्हता, हे ज्यानं त्याला मारलं त्यानं भर कोर्टात सांगितलं. त्यानंतर तिनं मला कधी 'तू सांग त्याहिले' म्हटलं नाही.

दादा गेल्यानंतर बाबांनी कुणावर हात उगारला नाही. बैलांवरही नाही, बैल विकूनच टाकले. ते बोलतही फार नव्हते. काका तुरुंगातच आजारी पडून गेले. बातमी आली तेव्हा बाबा एकटेच गेले, त्यांना तिकडेच अग्नी देऊन आले, आणि अंगणात पाणी अंगावर घेऊन ओल्या कपड्यांनी बसले. त्यांचं बसणं मला पाहवलं नाही. पुढं तेही गेले. मग एका सकाळी माय पलीकडच्या घरात गेली आणि काकीला म्हणाली, "चाल वं. एकटीपुरती भाकर कराले हात चालत नाई." काकी आपलं अंथरूण घेऊन आली.

मी अकोल्याला राहते आणि महिन्यातून एकदा गावी जाते. विहिरीजवळचा तुकडा मक्त्यानं दिला आहे, त्यात सोयाबीन असते. माय आणि काकी एका घरात राहतात. काकीला आता ऐकू कमी येतं. माय तिच्याशी मोठ्यानं बोलते.